पांढऱ्या कापडाखाली

निमगाव केतकी
२८ जानेवारी २०२४

प्रतिक्षा,

तुझं रेकॉर्डिंग पोचलं. आवाज स्वच्छ आहे. मागे पंखा ऐकू येतो, त्याची अडचण नाही.

फोन असताना आई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. फोनवर लिहिलेलं घरात कुणाच्याही हाती लागतं. मनिषा पोराला भरवताना माझाच फोन त्याच्यापुढे धरते. इंद्रजित त्यावर डाळिंबाचा भाव बघतो. शिवाय सकाळी फोन माझ्याकडे नसतो. पोस्टात मात्र मला कुणी विचारत नाही. पेन्शनचं काम म्हणते आणि जाते. पोस्टमन माझ्या वर्गात शिकलेला आहे. पाकिटावरचं नाव तो वाचतो आणि शिक्का मारतो.

तू सांगतेस तसं करते. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. घेण्यापेक्षा सोडण्यात काम आहे, हे तू मला शिकवलंस. आयुष्यभर वर्गात उभी राहून उलटंच करत आले. मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारी एक नस आहे, श्वास लांबवून सोडला की ती जागी होते आणि हृदयाला सावकाश चालायला सांगते, हे ऐकून बरं वाटलं. आपल्या आत कुणीतरी समजूत घालणारं बसलंय, एवढंच मला समजलं.

धडधडीचं मी तुला सांगितलं होतं. ती कमी आहे.

आबा बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसतात. मी आतून दार लोटून घेते. एकदा रेकॉर्डिंग संपल्यावर बाहेर आले तर पेपर उघडलेलाच नव्हता. म्हणाले, "संपलं व्हय?"

मी विचारलं, "काय?"

"न्हाय, मला वाटलं कुकर."

कुकर लावलेला नव्हता.

रागावू नकोस. मी त्यांना काही सांगितलेलं नाही. तुझं नाव घरात अजून कुणी घेत नाही. आणखी एखादं रेकॉर्डिंग जमलं तर पाठव. जरा मोठं कर.

आई


निमगाव केतकी
१० मार्च २०२४

प्रतिक्षा,

भ्रामरीचं रेकॉर्डिंग ऐकलं. ओठ मिटून घशातल्या घशात गुणगुणायचं, हे घरात करता येत नाही. मनिषा म्हणेल सासूला काय झालं. मळ्यात करता येतं.

कोविडमध्ये आणलेलं बोटाला लावायचं यंत्र कपाटात होतं. त्यात नवे सेल घातले. ठोके आधी नव्वदच्या घरात असायचे, आता सत्तरच्या खाली असतात. तुला आकडे हवे होते म्हणून लिहिते.

काही शंका आहेत. बीपीची गोळी चालू असणाऱ्याने भस्त्रिका केली तर चालते का? तंबाखू सोडून वर्ष झालं असेल तर छातीत घरघर होते का? मांडी घालता येत नसेल तर पाटावर बसून पाय लांब सोडले तर चालतात का? आमच्या महिला मंडळातल्या बायका विचारतात.

बाग चांगली धरली आहे. डाळिंबाला यंदा आंबे बहाराची कळी भरपूर आली. उन्हाने फळ भाजू नये म्हणून इंद्रजितने सगळ्या ओळींवर पांढरं कापड टाकलंय. तू गेलीस तेव्हा हे नव्हतं. लांबून पाहिलं तर लग्नाचा मांडव वाटतो. आत शिरलं की बाहेरून माणूस दिसत नाही.

इंद्रजित फवारणीला संध्याकाळी जातो. दिवसा मधमाशा असतात, त्या मरू नयेत म्हणून. आणि वाराही तेव्हा पडतो, औषध उडून जात नाही. स्वतः मास्क लावतो, हातमोजे घालतो, घरी आला की आधी अंघोळ. मी पाणी घेऊन बांधापर्यंत गेले तरी ओरडतो, "आई, हिकडं याचं न्हाय म्हणलं ना." पोरगा जपून वागतो. तुझं नि आबांचं भांडण झालं तेव्हा तोही आबांच्या बाजूने बोलला होता, ते तू विसरली नसशील. तेव्हा तो लहान होता असं मी म्हणणार नाही. लहान नव्हता.

आबा हल्ली उजाडायच्या आत मळ्यात जातात. काल इंद्रजितने विचारलं, "आबा, एवढ्या लवकर काय असतं तिकडं?"

"पाणी बघतो."

"ठिबकला काय बघायचं? ते काय पळून चाललंय?"

"पळालं तर धरीन," आबा म्हणाले. आणि गेले.

आई


निमगाव केतकी
२४ एप्रिल २०२४

प्रतिक्षा,

तुझा काल फोन आला तेव्हा आबा समोर होते, म्हणून मी हो-नाही एवढंच बोलले. ठोके बावन्नवर आलेत हे माझ्या मधल्या चिठ्ठीत वाचून तू घाबरली होतीस. आई, हे श्वासाने होत नाही, इतकं खाली येत नाही, उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा, असं म्हणालीस. आज इंदापूरला जाऊन आले. डॉक्टरांनी माझा हात धरला, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुमचे अठ्ठ्याहत्तर आहेत. उत्तम. कुणी घाबरवलं तुम्हाला?"

मी काय सांगणार? ते ठोके माझे नाहीत.

धडधडही माझी नव्हती. सांगायला हवं होतं. पण खरं सांगितलं असतं तर तू रेकॉर्डिंग पाठवलं असतंस का? मला खात्री नव्हती. अजून नाही.

लोणी देवकरचं ते घर तू सोडून आलीस आणि आबांनी दारातूनच सांगितलं, "सासरी जा, न्हायतर कुठंबी जा, हितं न्हाय." त्यांच्या धडधडीची सुरुवात तेव्हापासून आहे. डॉक्टर गोळ्या वाढवत गेले. आबांनी कुणाला काही सांगितलं नाही. ज्या मित्राच्या मुलाला तुला दिली तो मित्र सात वर्षांत बाजारात भेटला तरी तोंड फिरवतो. तिथून आल्यावर आबा ओसरीवर छाती धरून बसतात. तुझं चुकलं असं ते अजूनही म्हणतात. पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

जानेवारीत ते दाराआडून तुझा आवाज ऐकत होते. मग एक दिवस मी अंघोळीला गेले तेव्हा फोन जागेवर नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मी विचारलं नाही. रात्री मी फोन चार्ज करून उशाशी ठेवते, पहाटे ते घेऊन जातात. एवढंच आमच्यात ठरलंय, आणि तेही न बोलता.

कापडाखाली, विहिरीकडच्या ओळीत, पाट टाकून बसतात. बाहेर बसले तर रस्त्यावरून दूध घालायला जाणारे बघतील. भीमराव लेकीला घराबाहेर काढतो आणि तिचाच आवाज कानाला लावून बसतो, असं कुणी म्हणायला नको. घरात इंद्रजित आहे. त्याच्यापुढे तर मुळीच नाही. म्हणून कापडाखाली. तिथे तू सांगशील ते सगळं करतात. भस्त्रिका करताना भात्यासारखा आवाज येतो, मी बांधावरून ऐकलाय.

ठोके कमी झाल्याचा त्यांना अभिमान आहे. यंत्र माझ्यापुढे धरतात. "बघ. गोळीनं झालं न्हाय ते झालं." डोळ्यांतून पाणी येतं, तोंडाला पाणी सुटतं, घाम येतो, हात थोडे कापतात. मी म्हटलं दाखवून येऊ. म्हणाले, "आतली घाण बाहेर पडतीय. तिनंच सांगितलंय, शरीर मोकळं होतं म्हणून."

तिनंच. सात वर्षांनी तुझा उल्लेख एवढा झाला.

हे सगळं योग्य आहे का ते कळव. हात कापणं मला बरं वाटत नाही. काल संध्याकाळी फवारणी झाली आहे, मनिषाने धुणं आत वाळत घातलंय. उद्या मी पुन्हा त्यांना डॉक्टरचं विचारीन. तू आलीस तर ऐकतील. मी बोलावलं असं सांगू नको. कामासाठी बारामतीला आले होते म्हण.

आई


बारामती
२९ एप्रिल २०२४

प्रतिक्षा,

इंद्रजितने तुला फोन केला तेव्हा मी शेजारी होते. तो म्हणाला, हार्ट. 

शुक्रवारी सकाळी चहाची वेळ झाली तरी आबा आले नाहीत. मी गेले. पाटावरून कलंडले होते. तोंडाला फेस होता. फोन मातीत होता, चालू होता. मी तो आधी बंद केला. मग ओरडले. असा क्रम का झाला ते मला सांगता येत नाही.

इंद्रजितने गाडी काढली. भिगवणच्या रस्त्याने न जाता मधल्या वाटेने आणलं. डॉक्टर चांगले होते. इंजेक्शनं लावली, घशात नळी घातली. तीन दिवस यंत्र त्यांच्यासाठी श्वास घेत होतं. एका ठराविक गतीने, आत आणि बाहेर. मी काचेतून बघत राहिले. आज सकाळी आबा गेले. यंत्र काढलं.

डॉक्टरांनी मला आणि इंद्रजितला आत बोलावून काही विचारलं होतं. ते इथे लिहीत नाही.

माझं मागचं पत्र तुला आतापर्यंत मिळालं असेल. मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

आई


निमगाव केतकी
१६ जून २०२४

प्रतिक्षा,

दहाव्याला तू आलीस. बायकांत उभी राहिलीस, पाणी प्यायलीस, संध्याकाळच्या गाडीने गेलीस. जाताना गोठ्याजवळ मला विचारलंस, "आई, मी शिकवलं म्हणून झालं का?"

इंद्रजित चार पावलांवर मोटारसायकल चालू करत होता, तुला निमगावच्या स्टँडवर सोडायला. मी म्हटलं, नीट जा.

तुझ्या मैत्रिणीचा फोन आला होता. तू नाशिकच्या दवाखान्यातला श्वासाचा वर्ग सोडलास, खोलीत बसून असतेस, असं ती म्हणाली. फुफ्फुसाचे आजारी लोक येतात आणि वर्ग बंद बघून परत जातात. म्हणून लिहिते. महिनाभर आधी लिहायला हवं होतं. लिहायला बसले की प्रत्येक वेळी दोघांपैकी एकाचं नाव पुढे येत होतं. तुझ्यावरचं काढलं की ते उचलून इंद्रजितवर ठेवावं लागत होतं. दोन मुलं असलेल्या बाईने हे कसं करायचं?

आता नीट ऐक. हे श्वासाने झालं नाही.

डॉक्टरांनी पापणी उघडून बघितली. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी इंद्रजितला विचारलं, "शेतात फवारणी कधी केलीत?" इंद्रजित म्हणाला, "आदल्याच सांजंला. मागच्या तीन दिवसांत दोनदा झाली, फुलकिडं लय वाढलं होतं. पण आबा औषधाजवळ येत न्हाईत. पहाटं तिकडं कोण जातंय?"



डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, यांनी प्यायलेलं नाही, हे श्वासातून आणि कातडीतून गेलंय, एका दिवसात नाही, बरेच आठवडे थोडं थोडं. वरून हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी चालू होतीच. मी त्यांना एकटी भेटले आणि श्वासाचं सांगितलं. त्यांनी मला कागदावर नस काढून दाखवली. तू सांगितलेलीच. म्हणाले, तुमची मुलगी बरोबर शिकवत होती. सावकाश श्वास सोडला की ही नस हृदयाला थोडं थांबवते आणि मग सोडून देते. सोडून देणं हेही तिचं काम आहे. या विषाने तिला सोडू दिलं नाही. ठोके उतरत गेले, तोंडाला पाणी, डोळ्यांना पाणी, घाम, हात कापणं, सगळं त्याचंच. मोकळ्या हवेत बसले असते तर कदाचित काही झालं नसतं. कापडाखाली हवा कोंडते. आणि तिथे ते भाता चालवत होते.

मनिषाने धुणं आत घेतलं होतं. मी ते तुला लिहिलंही होतं. फवारा वाळल्यावर काही होत नाही, असं आम्ही सगळेच धरून चालतो.

इंद्रजितने गावात हार्ट सांगितलं, तुलाही तेच. डाळिंबाच्या बागेत फेस आलेला माणूस सापडला म्हटलं की लोक दुसरंच बोलतात. आबांनी काही घेतलं असं कुणी म्हणू नये म्हणून तो खोटं बोलला. ते खोटं तुझ्या दारात जाऊन पडेल हे त्याला माहीत नव्हतं. आबा तिथे का बसायचे हेच त्याला माहीत नव्हतं.

परवा मी त्याला सांगितलं. तो ट्रॅक्टरची नळी धूत होता. मी सगळं सांगेपर्यंत तो नळी धूतच राहिला.

"मला का न्हाय सांगितलं? मी त्यांना दुसरीकडं बसवलं असतं. गच्चीवर बसवलं असतं."

"तुला कळू नये म्हणूनच तिथं बसत होते."

"मी काय बोललो असतो?"

"मला काय माहीत? त्यांना वाटायचं, तू हसशील."

"हसलो असतो," तो म्हणाला. नळी गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, "एकदा हसलो असतो. मग बसवलं असतं."

नंतर तो विहिरीकडच्या ओळीत गेला. काय करतोय म्हणून मी बघायला गेले. काही करत नव्हता. कापडाखाली उभा होता, तोंडावर काही न बांधता. मी हाताला धरून बाहेर ओढलं. एवढ्या मोठ्या पोराला ओढताना मला धाप लागली. घरी आल्यावर तो म्हणाला, "ताईला लिव. तिला वाटत असंल तिच्यामुळं झालं. माझं नाव घाल. घालायचंच असंल तर नाव माझंच घाल."

मी घातलं. त्याने फवारलं हे खरं आहे. तू शिकवलंस हे खरं आहे. दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या आणि मी त्या शेजारी ठेवून बघितल्या नाहीत, हेही खरं आहे. आबांना कुणाला दिसायचं नव्हतं, हे सगळ्यांत आधीचं. यातलं कुणी किती घ्यायचं ते मला वाटून देता येत नाही. शाळेत मी गुण वाटत होते, तिथेही शेवटी चूकच करत होते.

वर्ग पुन्हा सुरू कर. हे मी आई म्हणून सांगत नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून सांगते. नळी काढल्यावर जगलेल्या माणसांना तेच शिकवावं लागतं, आणि बारामतीत शिकवणारं कुणी नाही, असं ते म्हणाले.

आता तू न विचारलेलं एक. सांगावं की नाही याचा मी फार विचार केला. सांगितलं तर तुला त्रास होईल. न सांगितलं तर ते माझ्याजवळच राहील आणि माझ्याबरोबर जाईल. ते माझं नाही.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मी चहा घेऊन लवकरच गेले होते. कापडाबाहेर थांबले. भ्रामरी संपत आली होती. त्यांचं गुणगुणणं आणि तुझं, दोन्ही एकत्र येत होतं. मग तुझं थांबलं, त्यांचं थोडं पुढे गेलं आणि थांबलं. रेकॉर्डिंगच्या शेवटी तू विचारतेस, "आई, कसं वाटतंय आता?"

आबा म्हणाले, "बरं वाटतंय."



मग म्हणाले, "तू कशी हायस?"

रेकॉर्डिंग तिथे संपतं. चहावर साय धरली. मग त्यांनी ते पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

आई